टोपल्यात ठेवलेला आवाज

माझ्याकडे एक शंभर पानी वही आहे. तिच्या पहिल्या पानावर माझ्या अक्षरात ‘फुकट मिळणारी उपयुक्त सॉफ्टवेअरे’ असा मथळा आहे आणि त्याखाली लाल शाईची रेघ. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. दिसेल त्याची नोंद करून ठेवायची, हे हाताला लागलेलं वळण. रविवारच्या पुरवणीत संगणकाबद्दल एक सदर यायचं. ते कापून मी वहीत चिकटवायचो आणि शेजारी लिहायचो: कशासाठी, जागा किती खातं, कधी बसवलं. व्हायरस शोधणारं, दाबून लहान केलेल्या फाइली उघडणारं, मराठी टाइप करायचं, फोटो कापायचं, शब्दकोश, पंचांग. अशा अडतीस नोंदी होत्या. पुढे एकोणचाळिसावी झाली. त्यानंतरची पानं कोरी आहेत.

आम्ही तेव्हा पेठला राहायचो, पुणे-नाशिक रस्त्यापासून थोडं आत, दोन खोल्यांच्या स्लॅबच्या घरात. बायको प्राथमिक शिक्षिका. तिची शाळा लोणीकडे होती. सकाळी मंचरची एसटी, मंचरहून लोणीची, आणि संध्याकाळी तसंच उलटं. मूलबाळ नव्हतं. दोन हजार सालानंतर केव्हातरी आम्ही संगणक घेतला, सुटे भाग आणून जुळवलेला. घरी इंटरनेट नव्हतं. मंचरच्या बाजारपेठेत एकाचं सायबर कॅफे होतं, तिथे बसून मी हवं ते उतरवून घ्यायचो आणि सीडीवर भरून घरी आणायचो. कॅफेचा मालक माझ्याच वयाचा. पूर्वी छापखान्यात कंपोझिटर होता. छापखाना बंद पडल्यावर त्याने टायपिंगचे वर्ग चालवले, मग हे. मी पायरी चढलो की तो आतूनच ओरडायचा, “या सर! आज काय फुकट नेताय?”

बायको त्याच्यावर ताण करायची. “फुकट ते पौष्टिक,” म्हणायची. “एक दिवस अजीर्ण होणार तुमच्या त्या कंप्युटरला. बघाल.”

ती पश्चिमेकडच्या डोंगरातली. भात आणि नाचणी पिकवणारं घर. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या माहेरी गेलो तेव्हा चुलीच्या वर, आढ्याला टांगलेलं एक मोठं बांबूचं टोपलं पाहिलं होतं. धुरानं काळं झालेलं. त्यात काय आहे म्हणून विचारलं तर तिने एकेक वस्तू काढून दाखवली. मूठ गेलेला विळा, काकडीच्या बियांची पुरचुंडी, घोंगडीचा तुकडा, आणि कोपरा फुटलेली तिची स्वतःची पाटी. आत्ता लागत नाही पण टाकायचं नाही, असं सगळं त्या टोपल्यात जायचं. “लागतं कधीतरी,” ती म्हणाली होती. तिच्या घरात काही फेकलं जात नसे. फक्त पायातून उचलून वर ठेवलं जाई.

पुढे माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा फाटला. डावा लहानपणापासूनच अधू. पुण्यात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला होता आणि तो पडद्यावर दाबून राहावा म्हणून तीन आठवडे तोंड खाली करून पडून राहायला सांगितलं होतं. जेवण आणि प्रातर्विधी सोडले तर दिवसरात्र पालथं. खाली फरशी. वाचायचं नाही. मी आयुष्यात वाचण्याशिवाय दुसरं काही धड केलेलं नाही. दोन दिवसांतच मी जेवेनासा झालो.

तिसऱ्या दिवशी तिने माझी वही काढली आणि आठवी नोंद वाचली: आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर, मायक्रोफोन लागतो. ते मी कधी वापरलं नव्हतं. केवळ फुकट म्हणून बसवलेलं. तिने मंचरहून येताना मायक्रोफोन आणला. माझ्या उशाशी एक जाड, जुनं प्रवासवर्णन होतं, अर्धवट राहिलेलं. शाळेतून आल्यावर, भाकरी थापायच्या आधी, ती दार लोटून संगणकापुढे बसायची आणि ते मोठ्याने वाचायची. सकाळी निघताना स्पीकर माझ्या खाटेखाली ठेवायची, तोंड वर करून, आणि आदल्या दिवसाचं वाचन सुरू करून द्यायची. एक संपलं की पुढचं आपोआप सुरू व्हावं, हेही तिने शिकून घेतलं होतं. आठ वाजता ती जायची आणि तिचा आवाज मागे राहायचा.

संगणकाचं टेबल बुटकं होतं. ती उभ्यानेच बटण दाबायची आणि मग खुर्ची ओढायची. त्यामुळे प्रत्येक वाचनाच्या सुरुवातीला खुर्चीचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज यायचा. मग तिचा श्वास. मग, “ऐकताय ना?”

एकदा तिने सुरुवात केली, “श्रोतेहो, नमस्कार. श्रोतेहो म्हणजे तुमीच. दुसरं कोण ऐकतंय?” वाचताना ती शिक्षिकेचं स्वच्छ मराठी वाचायची, पण मध्येच थांबली की माहेरची बोली यायची. “हे वाक्य लई लांब हाय राव. दम लागला.” एकदा लेखक कुठल्याशा घाटातल्या सूर्यास्ताचं वर्णन करत होता. पानभर झाल्यावर ती म्हणाली, “झाला का न्हाई बुडून अजून? आमच्या डोंगरात एवढा वेळ नाय लावत तो.” एकदा दूध उतू गेलं. खुर्ची सरकली, भांड्याचा आवाज, दुरून “अगं बाई”, आणि मग बराच वेळ नुसतं घर. ती परत येऊन म्हणाली, “कुठं होतो आपण?” पालथा पडून, फरशीकडे तोंड करून, मी एकटा हसलो होतो. तीन आठवड्यांत एकोणीस वाचनं झाली. पुस्तक संपलं नाही, पण माझे दिवस संपले.

डोळा बराचसा सुधारला. भिंग धरून मी पुन्हा वाचू लागलो. त्याच प्रवासवर्णनाची उरलेली पानं मी स्वतः वाचली, मनातल्या मनात. त्यांत काहीही नव्हतं.

वर्षभराने संगणक कुरकुरू लागला. पडद्याच्या कोपऱ्यात सूचना यायची की डिस्कवर जागा कमी आहे. कमी असणारच. मी अडतीस सॉफ्टवेअरे भरली होती, त्यातली तीस कधी उघडली नव्हती. पण ती माझी जमवाजमव होती. एका रविवारी मी तिला म्हणालो, “ती वाचनं फार जागा खातात. आता मला दिसतं. टाक काढून.”

थोड्या वेळाने संगणकापुढून तिने विचारलं, “अहो, हे टोपलं आहे ना पडद्यावर, ह्यात टाकलेलं परत काढता येतं का?”

मी कात्रण चिकटवत होतो. “येतं,” म्हणालो. “उजवं बटण दाबायचं, रिस्टोअर म्हणायचं.”

“मग बरं.”

पुढचं वाक्य मी बोललो नाही. ते टोपलं रिकामं केलं तर मग काही परत येत नाही, हे मला माहीत होतं. तिने विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. ग्रंथालयातही मी असाच होतो. मागितलेलं पुस्तक देत असे, ते कशाला हवं आहे हे विचारत नसे.

जागेची सूचना येतच राहिली. तिने फाइली काढूनही जागा का वाढली नाही, याचा मी विचार केला आणि व्हायरस असावा असा निष्कर्ष काढला. बावीस नंबरचं सॉफ्टवेअर वहीत होतंच: संगणकाची साफसफाई करणारं, नको त्या फाइली एका फटक्यात काढून टाकणारं. ते चालवू म्हणत होतो. तेवढ्यात तिला ताप आला.

गौरी-गणपतीच्या आधीचे दिवस. ताप मेंदूत गेला. नऊ दिवसांत ती गेली. ह्या नऊ दिवसांबद्दल मी लिहिणार नाही.

आमच्याकडे दहाव्याला नदीकाठी मंडप असतो आणि मंडपाच्या तोंडाशी गेलेल्या माणसाचा फ्लेक्स असतो. मोठा चेहरा, खाली नाव, तारखा आणि शोकाकुल मंडळी. ही पद्धत तेव्हा नवीन होती, पण नवीन असूनही ती चुकवता येत नव्हती. फ्लेक्स कॅफेवालाच छापून द्यायचा. सहाव्या दिवशी तो स्वतः घरी आला. दारात चप्पल काढून हळू म्हणाला, “सर, बाईंचा एक फोटो लागेल. मोठा करायचाय, तर जरा चांगला द्या.”

चांगला एकच होता, संगणकात ठेवलेला. शाळेच्या स्नेहसंमेलनातला, सगळ्या शिक्षकांच्या मधोमध. मी फोटो कापायचं सॉफ्टवेअर उघडलं. शेजारच्यांचे खांदे एकेक करून काढून टाकले, तिला एकटी केली आणि मोठी केली. सेव्ह करायला गेलो तर डिस्कवर जागा नाही.

मी बावीस नंबरचं उघडलं. त्याने काय काय काढून टाकणार याची यादी दाखवली. प्रत्येक ओळीपुढे आधीच खूण केलेली होती. मी शुद्धिपत्रंसुद्धा वाचणारा माणूस. पुस्तकाच्या मागच्या पानावरची छापखान्याची ओळ वाचल्याशिवाय मी पुस्तक मिटत नाही. ती यादी मी वाचली नाही. त्यात टोपल्याची ओळ होती. नंतर मी त्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन पाहिलं, वरून तिसरी. मी होय म्हणालो. एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे गेली आणि सॉफ्टवेअरने भरपूर जागा मोकळी झाल्याचं कळवलं. मला, खोटं कशाला सांगू, क्षणभर बरं वाटलं. मग मी फोटो सेव्ह केला. चेहरा काळवंडला वाटला म्हणून उजळ करून पुन्हा केला. साडीचा काठ तुटला होता म्हणून आणखी एकदा. फ्लेक्ससाठीच्या फाइली फार मोठ्या असतात.

दहावा झाला. नदीवरून आम्ही दुपारी घरी आलो. माणसं हळूहळू पांगली. बायकोची थोरली बहीण राहिली होती. डोंगरातच दिलेली, शाळेत न गेलेली बाई. ती भिंतीला टेकून बसली होती.

“पावणं,” ती म्हणाली, “एक मागू का?”

“मागा की.”

“तिचा आवाज ऐकवा एकडाव. तुमच्या त्या पेटीत हाय म्हणं.”

“तो नाही आता,” मी म्हणालो. “कधीचाच काढून टाकला. मीच सांगितलं होतं तिला.”

“न्हाई वं.” ती हसली. बहिणीसारखीच, मान बाजूला टाकून. “पंचमीला आल्ती ना माह्याकडं, तवाच म्हणली. म्हणली, ‘ते म्हणत्यात टाक. मी कशाला टाकते? टोपल्यात घालून ठेवलंय. म्हातारपणी यांचं डोळं पुन्यांदा गेलं तर लागंल.’ आन् लई हसली. ‘त्यांना म्हाईतबी न्हाई,’ म्हणली.”

मी उठून संगणकापाशी गेलो. टोपलं पडद्यावर होतं, नेहमीच्या जागी. उघडलं. आत पांढरं.

ती मागे येऊन उभी राहिली होती. “घावंना का?”

“मशीन बिघडलंय,” मी म्हणालो.

“असू द्या. पुढच्या वक्ताला.” तिने पदराने पडद्यावरची धूळ पुसली, जशी एखाद्या लहान मुलाचं तोंड पुसावं तशी, आणि भांडी घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी मंचरला गेलो. कॅफेवाल्याला काही सांगितलं नाही. लाज वाटली. कोपऱ्यातल्या मशीनवर बसून शोधलं तर पुसलेल्या फाइली परत आणणारी फुकटची सॉफ्टवेअरे निघाली, एक नाही, पाच-सहा. वापरणाऱ्यांनी खाली कृतज्ञतेने लिहिलं होतं: कुणाची लग्नाची छायाचित्रं परत मिळाली होती, कुणाचा प्रबंध. मी त्यातलं एक सीडीवर घेतलं. एसटीत सीडी खिशात छातीशी धरून बसलो होतो. घरी आलो, ते संगणकावर बसवलं आणि वहीत एकोणचाळीस नंबर टाकून नोंद केली.

त्याने दोन तास डिस्क चाळली. तिच्या फाइली सापडल्या. ओळखू आल्या त्या आकारावरून, नावावरून नाही. टोपल्यात गेलेल्या फाइलीचं नाव संगणक बदलून टाकतो आणि तिला नुसता क्रमांक देतो, हे मला तेव्हा कळलं. एकोणीस क्रमांक होते. प्रत्येकापुढे लाल ठिपका आणि शेवटच्या रकान्यात एकच वाक्य: ही फाइल अमुक फाइलखाली गेली आहे. अमुक म्हणजे काय, हेही लिहिलेलं होतं. तिच्या फोटोची पहिली प्रत. दुसरी प्रत. तिसरी. आणि खालच्या सहांपुढे, मी नुकत्याच बसवलेल्या त्या एकोणचाळीस नंबरच्या सॉफ्टवेअरचं स्वतःचं नाव.

मग मात्र मी डिस्क काढून रुमालात बांधली आणि कॅफेवाल्याकडे नेली. सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला.

“सर, ते सॉफ्टवेअर बसवलंत कुठं?”

“घरच्याच संगणकावर.”

“त्याच डिस्कवर?”

मी मान हलवली. त्याने समोरच्या टपरीकडे हात करून दोन चहा सांगितले. चहा आल्यावर त्याने एक घोट घेतला.

“आमच्या प्रेसात कसं होतं,” तो म्हणाला, “मजकूर छापून झाला तरी जुळवलेले अक्षरांचे खिळे तसेच बांधून पडलेले असायचे. कागदावर पुसला गेला तरी मजकूर होता. मग नवीन काम यायचं. खिळे कमी पडले की आम्ही त्याच मजकुरातले काढायचो. एक ओळ इथली, एक तिथली. तेव्हा तो जायचा.” त्याने कप खाली ठेवला. “टोपलं रिकामं केलंत तिथवर काही बिघडलं नव्हतं, सर. मशीन तसंच बंद ठेवून आणलं असतंत तर...” आणि मग, माझ्याकडे बघून, “सांगता येत नाही म्हणा. नसतंही मिळालं.”

हे शेवटचं वाक्य तो दयेपोटी बोलला. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

तरी त्याने डिस्क चार दिवस ठेवून घेतली. एक फाइल त्याने वर काढली. सीडी हातात देताना म्हणाला, “सुरुवातीचं अगदी थोडं आहे. मी पुढं ऐकलं नाही.”

फाइल चोवीस मिनिटांची दिसत होती. मी खाटेखाली स्पीकर ठेवला, तोंड वर करून. पालथा पडलो. खुर्चीचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. पूर्ण नाही, अर्धाच. श्वासाच्या आधीच तो तुटला आणि पुढे खरखर सुरू झाली. पत्र्यावर वाळू ओतत राहावी तशी, न थांबता, चोवीस मिनिटं. ती खरखर काय आहे हे मला ठाऊक होतं. रकान्यात लिहिलेलं होतं. तो तिचा उजळ केलेला चेहरा होता. मी तो शेवटपर्यंत ऐकला.

त्यानंतर मी सदरं कापणं सोडलं. लोक विचारत, कॉलेजातले प्राध्यापक विचारत, “सर, फोटो दुरुस्त करायला फुकटातलं काय आहे?” मी वहीतून पाहून नाव सांगायचो. ते उपयुक्त होतं, यात शंका नाही. सगळीच उपयुक्त होती. त्यांनी सांगितलं तेवढंच केलं. मीही तसाच.

वर्षश्राद्धाला मेव्हणी पुन्हा आली. येताना नाचणीचं पीठ आणलं होतं. जेवणं झाली, भटजी गेले, आणि ती संगणकाच्या खोलीत जाऊन खाली बसली.

“झालं का नीट मशीन?”

मला आणखी एकदा खोटं बोलता येईना आणि खरं सांगता येईना. मी सीडी घातली.

खुर्ची घासली.

मेव्हणीचा हात चटकन वर आला, कुणी बोलू नये म्हणून करतात तसा. खोलीत आम्ही दोघेच होतो. खरखर सुरू झाली. ती पुढे वाकली, पदर कानामागे सारला.

“बसती हाय,” ती कुजबुजली. “आता बोलंल.”

मी तिच्या मागे उभा होतो. यंत्रावर आकडे सरकत होते. थांबवायला मी दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. ती मान वाकडी करून ऐकत राहिली.